दोन पाड्या, एकच कप्पा

आमच्या गोठ्यात वासरू जन्मलं की दोन दिवसांत त्याच्या गळ्यात दावं पडायचं आणि कोपऱ्यातली एक खुंटी त्याची व्हायची. लग्न होऊन आल्यापासून मीही तेच करत आले. करवीर तालुक्यात भोगावतीच्या काठाला आमचं गाव. पाच एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई, दोन म्हशी, दोन्ही वेळचं दूध संस्थेत. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमची दोन महिन्यांची पाडी गेली. शेवटी हगवणीनं गेली, पण त्याआधीच ती खंगत चालली होती. दूध तोडल्यावर गोळी पेंडीला तोंडच लावेना. कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभी असायची. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर जाताना म्हणाले, "वहिनी, पुढच्या खेपेला दोन वासरं एकत्र ठेवून बघा. गुरं कळपातली. एक खायला लागलं की दुसरं बघून खातं." कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या लोकांनी यावर बरंच काम केलंय, हेही त्यांनीच सांगितलं. जोडीनं वाढलेली वासरं सुका चारा, पेंड लवकर आणि जास्त खातात, दूध तोडताना त्यांचं वजन कमी ढासळतं आणि नव्या चाऱ्याला ती कमी बुजतात. युरोपात तर आठ आठवड्यांपुढच्या वासराला एकट्याच्या कप्प्यात कोंडायला कायद्यानं बंदी आहे, आजारी असेल तरच सूट.

आत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे पटलं नाही. "एकीला झालं की दुसरीला होणारच. लंपीच्या साली बघितलंस न्हवं?" २०२२ ची ती धास्ती आमच्या गल्लीत अजून आहे. लंपी हा गुरांचा त्वचेचा रोग मुख्यतः माश्या-डासांनी पसरतो, नुसत्या दाव्यानं थांबत नाही. पण हगवण आणि खोकल्याबाबत आत्तींचं म्हणणं खोटं नव्हतं. दहा-पंधरा वासरं एका जागी दाटली की खोकला वाढतोच. म्हणून दोनच ठेवायची आणि वयात आठवडाभराहून जास्त अंतर नको, असं मी ठरवलं.

योग श्रावणात आला. दोन गाई सहा दिवसांच्या अंतरानं व्यायल्या, दोन्हींना पाड्या. व्यायल्यावर दोन तासांच्या आत प्रत्येकीला तीन लिटर चीक पाजला, नाळ टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवली. खरवसाला चीक उरला तो पाड्यांचं झाल्यावरच. धाकटीची नाळ सुकल्यावर दोघींना दहा बाय सात फुटांच्या कप्प्यात सोडलं. खाली विटा, त्यावर उसाचं वाळकं पाचट. रोज सकाळी त्यावर गुडघे टेकून बसायचं, लुगडं ओलं झालं तर पाचट बदलायचं. पावसाळ्यात हे रोजचंच झालं, पण तिथं आळस केला असता तर आत्तीच खऱ्या ठरल्या असत्या.

पहिलं संकट धाकटी दहा दिवसांची असताना आलं. थोरली धाकटीची नाळ चोखायला लागली, तिथं सूज आली. त्या रात्री मला झोप लागली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, वासराची चोखायची हौस दुधाबरोबर संपत नाही. घमेल्यात ओतलेलं दूध ते मिनिटात संपवतं आणि मग शेजारणीला धरतं. तेव्हापासून निपलची बादली आणली, तीही बारीक भोकाची. मध्ये फळी लावून दोघींना वेगवेगळं पाजायचं, दूध संपल्यावर निपल आणखी दहा मिनिटं तोंडात राहू द्यायचं आणि मग मूठभर पेंड पुढं करायची. चोखणं आठवडाभरात जवळजवळ थांबलं.

त्याच दिवसांतली एक सकाळ मी विसरणार नाही. थोरलीनं पेंडीत तोंड घातलं, वर काढलं तर नाकपुडीभोवती भुगा चिकटलेला. धाकटी जवळ आली, तिनं तो भुगा चाटला, थोडी थांबली आणि स्वतः घमेल्यात तोंड घातलं. बारा दिवसांची होती ती! गेलेल्या पाडीच्या तोंडात मी बोटानं पेंड कोंबायची आणि ती थुंकायची.

दूधही वाढवलं होतं, तीनाचं सहा लिटर, म्हणजे दोघींचं बारा. मालकांना ते जड गेलं, कारण तेवढं संस्थेत कमी पडत होतं. म्हणून सगळं श्रेय जोडीला देणं बरोबर नाही. पण पोटभर दूध पिऊनही त्या पेंड खात राहिल्या, याला कारण मला त्यांची संगतच वाटते. दोन महिन्यांनी दोघी रोज किलोभर पेंड खात होत्या, मग दहा-बारा दिवसांत हळूहळू दूध तोडलं. फितीनं मोजलं तेव्हा जन्माला ३२ किलोची थोरली साठाव्या दिवशी ६४ वर होती, धाकटी ६० वर. मध्ये एकदा धाकटीला हगवण लागली. तिला चार दिवस जाळीपलीकडं ठेवलं, बादली वेगळी, आणि आधी निरोगी पाडीचं करून मगच तिच्याकडं जायचं. रात्री दोघी जाळीला पाठ लावून बसायच्या.

परवा तिसरी गाय व्यायली, पुन्हा पाडी. चीक पाजून मी हात धुवत होते, तोवर आत्ती कप्प्याची फळी पुसत म्हणाल्या, "शेजारची गाय कधी व्यायची गं? तोवर ही एकटी ऱ्हायाची व्हय?"