बोटातल्या थेंबावर टीबीचं औषध मोजता येतं

शुगर बघायला बोट टोचणं आता घरोघरी माहितीये, पण रक्तात अँटिबायोटिक किती उरलंय हे पण बोटाच्या थेंबावरून कळतं हे फार जणांना माहीत नसतं. आणि आपल्याकडे याची खरी गरज एमडीआर टीबीच्या, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या पेशंटला आहे असं माझं ठाम मत आहे. मी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते, हे पेशंट इतके वाळलेले असतात की शीर सापडता सापडत नाही, आणि तालुक्याहून दोन एसट्या बदलून आलेल्या माणसाला परत टोचायचं म्हणजे जिवावर येतं.

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने बीपाल्म उपचाराला मंजुरी दिली, सहा महिन्यांत कोर्स संपतो, खूप मोठी गोष्ट आहे ही. त्यात बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि लायनेझोलिड. यातलं लायनेझोलिड काम जबरदस्त करतं पण नसांना त्रास देतं, आधी पायाला मुंग्या, मग तळपाय जळजळ, काहींच्या पायातून चप्पल निसटते आणि त्यांना कळतच नाही. रक्त पण कमी होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या निक्स-टीबी अभ्यासात रोज 1200 मिलिग्रॅम देत होते तेव्हा 81 टक्के लोकांना नसांचा त्रास झाला, म्हणून डोस 600 वर आणला. ठीक आहे, पण 40 किलोच्या बाईला पण 600 आणि 70 किलोच्या माणसाला पण 600, प्रत्येकाच्या शरीरातून औषध सारख्या वेगाने थोडंच बाहेर पडतं? पुढच्या गोळीच्या आधी रक्तात लिटरला 2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त राहत असेल तर त्रासाचा धोका वाढतो, हे मोजलं तर मुंग्या यायच्या आधीच डॉक्टरांना काहीतरी करता येईल.

आता अडचण अशी की हे रक्त गोळीच्या अगदी आधी घ्यावं लागतं, म्हणजे पेशंटने सकाळी गोळी न घेता हॉस्पिटल गाठायचं. त्यापेक्षा आशाताईंनी घरीच अनामिकेच्या कडेला टोचायचं, पहिला थेंब पुसायचा, दुसरा रक्त शोषणाऱ्या खास कागदाच्या कार्डावर, बोट पिळायचं नाही कारण पिळलं की पेशींच्या आजूबाजूचं पाणी मिसळतं. दोन-तीन तास सुकवून सिलिका जेलच्या पुडीसोबत पिशवीत बंद केलं की पोस्टाने पाठवता येतं, बर्फ नको. लायनेझोलिड वाळलेल्या थेंबात चांगलं टिकतं, मेरोपेनेमसारखी दुसरी काही अँटिबायोटिक्स मात्र उष्णतेत लवकर खराब होतात, त्यांना हे जमणार नाही. कार्डावर गोळी कधी घेतली आणि टोचलं कधी, या दोन वेळा लिहिल्याच पाहिजेत, त्याशिवाय आकड्याला काही अर्थ नाही.

आणि हे कार्ड आपल्याला नवीन नाहीये, एचआयव्ही असलेल्या आयांच्या बाळांची तपासणी नॅको, म्हणजे केंद्राची एड्स नियंत्रण संस्था, 2010 पासून अशाच वाळलेल्या थेंबांवर करतंय.

एक गोष्ट मात्र फार महत्त्वाची आहे. रक्त कमी असलेल्या माणसाचा थेंब पातळ असतो, कागदावर जास्त पसरतो, मग मशीनसाठी ठरावीक मापाचा तुकडा कापला की त्यात रक्त कमी येतं आणि औषध आहे त्यापेक्षा कमी दिसतं. आणि लायनेझोलिडच रक्त कमी करतं! म्हणजे ज्याला औषध जास्त होतंय त्याचाच रिपोर्ट बरा दिसायची भीती. त्यासाठी आता कागदाऐवजी छोट्या स्पंजसारख्या टोकाची कांडी मिळते, रक्त पातळ असो की घट्ट, ती ठरलेलं तेवढंच, म्हणजे 10 किंवा 20 मायक्रोलिटर, शोषते. महाग आहे, पण अशा पेशंटसाठी तीच वापरावी असं मला वाटतं.

बाकी मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रक्तातलं औषधाचं अगदी बारीक प्रमाण मोजणारं मशीन लागतं, ते जिल्ह्याच्या लॅबमध्ये नसतं, पण नमुना पोस्टाने जाणार असेल तर प्रत्येक जिल्ह्यात कशाला हवं? राज्यात दोन-तीन चांगल्या लॅब ठरवा. सुरुवातीला आपल्याच पेशंटचं शिरेतलं आणि बोटातलं रक्त एकाच वेळी घेऊन दोन्ही आकडे जुळतात का ते तपासा, आणि रिपोर्ट आठवड्याच्या आत द्या, कारण महिन्याने आलेला आकडा त्या पायांच्या काय कामाचा.

तोपर्यंत घरात कुणाचा हा कोर्स चालू असेल तर दर आठवड्याला पायांबद्दल विचारा, मुंग्या म्हणाले तर गोळी मनाने बंद करू नका, त्याच दिवशी टीबीच्या डॉक्टरांना फोन करा.