कमला मिलमधले जेवण आणि आजीची खाणावळ

गेल्या शनिवारी मुलीच्या आग्रहावरून आम्ही लोअर परळला, कमला मिल या जुन्या कापड गिरणीच्या आवारातल्या 'द बॉम्बे कॅन्टीन'मध्ये जेवायला गेलो. २०१५ साली सुरू झालेल्या या उपाहारगृहाच्या संस्थापकांपैकी एक होते मुंबईत जन्मलेले शेफ फ्लॉइड कार्डोझ. आपल्याकडची हंगामी भाजी, आपली धान्ये आणि प्रांतोप्रांतीचे पदार्थ मानाने ताटात यावेत हा त्यांचा ध्यास होता, आणि २०२० मध्ये कोविडने त्यांचे निधन झाल्यानंतरही तो तिथल्या जेवणात जाणवतो. टोस्टवर चीज, हिरवी मिरची आणि वर अंडे असे एग्ज केजरीवाल आम्ही मागवले. ते आम्हाला मनापासून आवडले.

जेवताना मला मात्र सारखी आजी आठवत होती. करी रोडच्या चाळीतल्या एका खोलीत ती खाणावळ चालवायची. कोकणातून आणि घाटावरून आलेले, बायकामुलांना गावी ठेवून गाळ्यावर, म्हणजे अनेकांच्या सामाईक खोलीत, राहणारे वीसेक गिरणी कामगार पाळी सुटली की तिच्याकडे जेवायला येत. चपात्या, भाजी, आमटी-भात आणि रविवारी वाटण घातलेला मटणाचा रस्सा असा बेत असे. पैसे पगाराला मिळायचे, तोवर वाण्याची उधारी. अशा खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेची कर्जे मिळवून दिली.

आजीची हिशेबाची वही माझ्याकडे आहे. पैसे चुकते झाले की ती त्या नावावर पेन्सिलीने आडवी रेघ मारायची. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यानंतरच्या पानांवर रेघा जवळजवळ नाहीतच. नावे मात्र महिनोन्‌महिने तीच आहेत, कारण तिने कुणाचेही ताट बंद केले नव्हते.

कमला मिल, तोडी मिल, मथुरादास मिल ही नावे आज तरुण मुले जेवणाचे ठिकाण म्हणूनच घेतात. तिथे गर्दी होते याचा मला आनंदच आहे, कारण तिथले अनेक शेफ खरोखर मेहनतीने रांधतात. पण गिरणीचे नाव पत्त्यात आहे, तर खाणावळीचे ताटही मेनूवर असावे असे मला फार वाटते. बांगड्याचे तिखले, वाटणाची आमटी, भात आणि सोबत फोडलेला कांदा एवढे एखाद्याने त्याच नावाने वाढले, तर आजीच्या वहीतल्या माणसांच्या नातवंडांना घेऊन मी पहिल्याच दिवशी जेवायला जाईन.