मस्तानी आणि पेशव्यांचे घर

बाजीराव आणि मस्तानी यांची कथा बहुतेकदा दोन प्रेमिकांची म्हणून सांगितली जाते. मला मात्र पेशव्यांच्या घरच्या १७३९-४० च्या हिवाळ्यातील पत्रव्यवहारापाशी आल्यावर नेहमी त्या घराकडेच अधिक पाहावेसे वाटते, कारण मस्तानीची गाठ परक्या शत्रूशी नव्हे, तर बाजीरावांची आई राधाबाई, भाऊ चिमाजीअप्पा आणि एकोणीस वर्षांचे पुत्र नानासाहेब यांच्याशी पडली होती.

मस्तानीच्या जन्माविषयी एकमत नाही. ती बुंदेलखंडचा राजा छत्रसाल याची मुलगी होती, ही परंपरा सर्वाधिक प्रचलित आहे. १७२९ मध्ये जैतपूरला मोगल सरदार महंमदखान बंगशाने छत्रसालाची कोंडी केली असता बाजीरावांनी ती फोडली, आणि बुंदेलखंडातील त्या संबंधातून ती पुण्यात आली. शनिवारवाड्याची पायाभरणी जानेवारी १७३० ची आणि वास्तुशांत १७३२ ची. त्याच वाड्यात तिच्यासाठी महाल उठला आणि उत्तरेच्या तटातील एका दरवाजाला तिचे नाव मिळाले. हाच दरवाजा पुढे अलीबहादूर दरवाजा म्हणूनही ओळखला गेला.

पेशव्यांचे भट घराणे बलाढ्य होते हे खरे, पण श्रीवर्धनहून देशावर आलेल्या या कुटुंबाला पेशवाई मिळून जेमतेम पाव शतक होत होते, आणि मुंजी-लग्नांसाठी त्यांना ज्या ब्रह्मवृंदाचे तोंड पाहावे लागे, त्याच्यापुढे त्यांची तलवार चालत नव्हती. १७४० च्या आरंभी बाजीरावांच्या धाकट्या रघुनाथाची मुंज आणि चिमाजीअप्पांच्या सदाशिवाचे लग्न ठरले होते. बाजीराव मस्तानीचा संग सोडत नाहीत तोवर ही कार्ये निर्विघ्न पार पडतील की नाही, ही घरच्यांची खरी धास्ती होती. मद्यमांसाचे आरोप, धर्माची भाषा हे सारे पत्रांतून येते, पण मला त्यामागे पंगतीतली पाने रिकामी राहण्याचीच भीती अधिक दिसते.

बाजीराव निजामाचा मुलगा नासिरजंग याच्यावरील मोहिमेवर गेले असताना घरच्यांनी मस्तानीला पुण्यात नजरकैदेत ठेवले. यातील चिमाजीअप्पा हेच मे १७३९ मध्ये वसई जिंकून आलेले, ज्यांच्याविषयी मराठी मनात आदराखेरीज काही नाही, असे पुरुष. त्यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते आपल्या परीने घर सांभाळत होते, आणि त्यातूनच हे निर्दयपण आले. विशेष म्हणजे शाहूमहाराजांचा कल उलटा होता. मस्तानीला जबरदस्तीने अडकवून रावांचे मन दुखवू नये, असे त्यांचे मत गोविंद खंडेराव चिटणिसांच्या पत्रातून नानासाहेबांपर्यंत पोहोचले होते. छत्रपतींना जे समजले, ते घराला समजले नाही, किंवा समजूनही परवडले नाही.

२८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव तापाने वारले. पाठोपाठ मस्तानीही गेली. विष, हिरकणी, सती अशा अनेक कथा आहेत, पण एकीलाही भक्कम कागद नाही. तिची कबर शिरूर तालुक्यातील पाबळला आहे. या साऱ्या पत्रव्यवहारात सगळे तिच्याविषयी बोलतात, पण तिचा स्वतःचा शब्द कुठेच येत नाही.

आणि नेमके इथेच हे घर आपले दुसरे रूप दाखवते. १७३४ चा तिचा मुलगा शमशेरबहादूर याला घराने टाकले नाही. मुंजीच्या पाटावर त्याला जागा नव्हती, फौजेत मात्र होती. घरातल्याच मुलासारखा वाढलेला हा सरदार १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या बरोबर लढला आणि जखमांनी दगावला. म्हणजे ज्यांच्या लग्नासाठी आईला कोंडण्यात आले होते, त्यांच्याच निशाणाखाली तो पडला. त्याचा मुलगा अलीबहादूर याने पुढे बुंदेलखंडात बांद्याची नवाबी उभी केली, आणि १८५७ मध्ये तिथला दुसरा अलीबहादूर व बिठूरचे दुसरे नानासाहेब पेशवे हे दोघेही इंग्रजांविरुद्ध उठले.