रात्रीच्या लघवीचा हिशेब

वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागू लागले, तेव्हा हे प्रोस्टेटचेच दुखणे असणार असे मी परस्पर ठरवून टाकले होते. कट्ट्यावरच्या मंडळींचेही तेच निदान होते. एकाने तर स्वतःच्या गोळ्यांची पट्टीच पुढे केली. ती घेतली नाही, एवढे शहाणपण मात्र सुचले.

मूत्ररोगतज्ज्ञांनी केलेल्या तपासण्यांत साखर आवाक्यात होती, जंतुसंसर्ग नव्हता, प्रोस्टेट किंचित वाढलेली असली तरी लघवीनंतर मूत्राशयात जेमतेम 30 मिलिलिटर उरत होती. औषधाऐवजी त्यांनी तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजून वेळेसह वहीत लिहायला सांगितले. मोजपात्र घेऊन जाताना संकोच वाटे; शिवाय ते स्वयंपाकघराच्या आसपासही दिसता कामा नये, अशी पत्नीची ताकीद होती. झोपण्यापूर्वीची लघवी दिवसाच्या खात्यात आणि सकाळी उठल्यावरची पहिली रात्रीच्या खात्यात धरायची, हे मला तेव्हा कळले. सरासरी काढली, तर चोवीस तासांतल्या 1,800 मिलिलिटरपैकी 800 रात्रीचीच निघाली, म्हणजे सुमारे 44 टक्के. उतारवयात हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक असेल, तर मुळात रात्री लघवी तयारच जास्त होते असे समजतात.

मग डॉक्टरांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि तिथे खळगा उमटला. दिवसभर पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परत येते आणि मूत्रपिंडे ते रात्री बाहेर टाकतात. हृदय आणि मूत्रपिंडे ठीक निघाली. मात्र रक्तदाबासाठी मी घेत असलेल्या अ‍ॅम्लोडिपिनने पायांवर सूज येऊ शकते, म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ती गोळी बदलली. झोपेत श्वास अडकत असल्यासही रात्रीची लघवी वाढते, म्हणून घोरण्याची चौकशी झाली. त्याचे उत्तर अर्थातच पत्नीने दिले आणि सुदैवाने ते माझ्या बाजूचे होते.

लोणचे-पापड कमी केले, संध्याकाळी सहानंतरचा चहा सोडला, दिवसाचे पाणी मात्र तोडले नाही. दुपारी तासभर पाय उशांवर उंच ठेवून पडू लागलो. पायांना घट्ट मोजेही घालून पाहिले, पण उन्हाळ्यात ते सोसवेनात. दीड महिन्यानंतर उठणे एकदा, क्वचित दोनदा इतपत आले. उशाशी तांब्या भरून ठेवण्याची सवय सुटायला मात्र त्याहून अधिक दिवस लागले.