ऱ्होडियमच्या तेरा अणूंनी शिकवलेलं

ऱ्होडियमचा तुकडा चुंबकाला चिकटत नाही. पण त्याच धातूचे तेरा अणू सुटे काढून एकत्र आणले, तर तो इवलासा गठ्ठा चुंबकीय निघतो. 1993 मध्ये व्हर्जिनियात अशा क्लस्टरांचा, म्हणजे अणूंच्या गठ्ठ्यांचा, झोत चुंबकीय क्षेत्रातून सोडून तो किती वळतो ते मोजलं, तेव्हा दर अणूमागे 0.48 बोर मॅग्नेटॉन (अणूंच्या पातळीवर चुंबकत्व मोजायचं एकक) मिळाले. त्याच वर्षीचं सैद्धांतिक गणित मात्र 1.6 सांगत होतं, म्हणजे अख्ख्या क्लस्टरला 21. पुण्यात पीएचडीला लागले तेव्हा सरांनी हेच दोन आकडे पुढे ठेवले. म्हणाले, "हा तिपटीचा फरक येतो कुठून, ते शोध."

चुंबकत्व का येतं हे पुस्तकात होतंच. धातूच्या पोटातल्या अणूला 12 शेजारी असतात, तेरा अणूंच्या आयकोसाहेड्रॉनच्या, म्हणजे वीस त्रिकोणी बाजूंच्या आकाराच्या, पृष्ठभागावरच्या अणूला फक्त सहा. शेजारी कमी, त्यामुळे डी-इलेक्ट्रॉनांच्या (चुंबकत्व देणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या) ऊर्जांचा पट्टा अरुंद होतो आणि त्यांचे स्पिन, म्हणजे इवले चुंबक, एका दिशेला वळणं परवडतं. खरा गुंता रचनेचा होता: तेरा अणू नेमके कसे बसतात?

सुरुवात मी आयकोसाहेड्रॉनपासूनच केली. मध्ये एक, भोवती बारा, दिसायला देखणं. एका संध्याकाळी थर्माकोलचे तेरा सारखे गोळे आणून टूथपिकांनी जोडले. बाराही गोळे मधल्याला टेकले, पण एकमेकांना टेकेनात. दोन शेजाऱ्यांत व्यासाच्या पाच टक्क्यांएवढी फट राहिली. म्हणजे एकतर आतले बंध आखडायचे, नाहीतर बाहेरचे ताणायचे. तो ताण बोटांना कळला, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ऱ्होडियमला हा आकार कदाचित नकोच असेल.

पण संगणकावरची माझी गणितं त्याच आकारात अडकत होती. कारण साधं होतं. रचना पूर्ण सममित ठेवली की सममिती मोडणाऱ्या दिशेनं बलच लागत नाही, अणू हलणार कसे? मग प्रत्येक अणूला मुद्दाम थोडा धक्का देऊन जॉब, म्हणजे संगणकावरची गणितं, टाकायला लागले. त्यात एकदा मोमेंट, म्हणजे अख्ख्या क्लस्टरचं चुंबकत्व, 17.4 आला. सर म्हणाले, "अगं, इलेक्ट्रॉन मोज." ऱ्होडियमच्या एका अणूचे बाहेरचे नऊ, तेरांचे 117. संख्या विषम, तर मोमेंटही विषम पूर्णांकच हवा. स्मिअरिंग (गणित सोपं जावं म्हणून इलेक्ट्रॉन जवळच्या पातळ्यांवर पसरवणं) जास्त ठेवल्यामुळे इलेक्ट्रॉन अर्धेमुर्धे वाटले गेले होते. आधीच्या तीन महिन्यांच्या फाइल्स पुन्हा तपासाव्या लागल्या, आणि त्यातल्या बऱ्याच बाद झाल्या. तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

नंतर वेगवेगळ्या सुरुवातींची यादी केली: थरांच्या रचना, घनासारख्या, पिंजऱ्यासारख्या. प्रत्येकीला एकेक विषम मोमेंट बांधून द्यायचा आणि ऊर्जा बघायची. क्यूमध्ये जॉब दिवसचे दिवस पडून राहत. शेवटी घनाकडे झुकणारी, कमी सममितीची एक रचना ऊर्जेत आयकोसाहेड्रॉनच्या खाली उतरली, म्हणजे जास्त स्थिर निघाली. तिचा मोमेंटही 21 पेक्षा कमी होता. असे निष्कर्ष आधी इतरांनीही काढले आहेत, तरी स्वतःच्या आउटपुटमध्ये ते दिसणं वेगळं. प्रयोगाच्या आकड्याला मात्र मी अजून पोचले नव्हते.

रचना खरंच स्थिर आहे का ते कंपनांवरून तपासणारा फ्रिक्वेन्सीचा जॉब संपला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. तेरा अणूंची 33 कंपनं. फाइल वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. अस्थिरतेची खूण असलेलं काल्पनिक कंपन एकही नव्हतं.