सेटआरलिमिट (प्रोसेसच्या मर्यादा बदलणारा सिस्टम कॉल) कोडमध्ये घालताना: माझा अनुभव

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांमधून भट्टीचं तापमान, कॉम्प्रेसरचा दाब अशी माहिती गोळा करणारा सी भाषेतला सर्व्हर आम्ही कोल्हापुरातच लिहिलाय. उद्यमनगरातली मशिनंही जोडली गेली आणि एका पाळीच्या सुरुवातीला फोन आला, "साहेब, मशिनं चालू हायत, पण पडद्यावर काय दिसंना झालंय."

लॉगमध्ये ओळीनं एकच तक्रार: 'टू मेनी ओपन फाइल्स'. सीपीयू मात्र शंभर टक्के. ॲक्सेप्टला (नवं कनेक्शन स्वीकारणारा कॉल) डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीला किंवा कनेक्शनला मिळणारा क्रमांक) मिळत नाही, ते कनेक्शन रांगेत तसंच राहतं, आणि ईपोल (कनेक्शनांवर लक्ष ठेवणारी लिनक्सची सोय) प्रोसेसला पुन्हा पुन्हा उठवत बसतो.

लिनक्सवर प्रत्येक सॉकेट, म्हणजे नेटवर्क जोडणीचं टोक, एक फाइल डिस्क्रिप्टर खातो. प्रॉकमधली (लिनक्स चालू प्रोसेसची माहिती दाखवतं ती जागा) त्या प्रोसेसची लिमिट्स फाइल उघडली: सॉफ्ट (सध्या लागू मर्यादा) १०२४, हार्ड (सॉफ्ट जिथवर वाढवता येते ती कमाल) ५२४२८८. "पण युलिमिट तर वाढवलंय की," सहकारी म्हणाला. युलिमिट म्हणजे शेलमधून ही मर्यादा बघायची-बदलायची आज्ञा; त्याच्या शेलमध्ये आकडा खरंच मोठा दिसत होता. पण लिमिट्स डॉट कॉन्फ, म्हणजे मर्यादा लिहायची फाइल, लागू होते लॉगिनच्या वेळी, पॅम या लॉगिनच्या यंत्रणेमार्फत. सिस्टमडीनं (सर्व्हिस चालू-बंद करणारा लिनक्सचा प्रोग्राम) चालू केलेली सर्व्हिस त्या वाटेनं जातच नाही.

युनिट फाइलमध्ये (सिस्टमडीची त्या सर्व्हिससाठीची सेटिंग फाइल) लिमिटनोफाइल ही मर्यादेची ओळ लिहून काम भागलं असतं. मला ते नको होतं. प्रत्येक कारखान्यात आमचा प्रोग्राम वेगळ्या पद्धतीनं चालू होतो. आपल्याला किती लागतं हे प्रोग्रामनंच बघावं. म्हणून मेनच्या सुरुवातीला गेटआरलिमिटनं मर्यादा वाचायची, सॉफ्टची किंमत हार्डइतकी करायची, मग सेटआरलिमिटनं ती बसवायची. हार्डपर्यंत जायला रूट (सर्वाधिकार असलेला युजर) लागत नाही. नंतर परत वाचून मिळालेला आकडा लॉगमध्ये.

खरं काम पुढेच होतं. मर्यादा फोर्क (नवी प्रोसेस काढणं) आणि एक्झेकमधून (तिच्यात दुसरा प्रोग्राम चालवणं) पुढच्या प्रोसेसकडे जशीच्या तशी जाते. अहवाल बनवणारा आमचा जुना मदतनीस प्रोग्राम सुरू होताना मर्यादेपर्यंतचे सगळे डिस्क्रिप्टर एकेक करून बंद करतो. १०२४ असताना कुणाला जाणवलं नव्हतं. आता पाच लाखांवर क्लोज! शिवाय त्यात सिलेक्ट (ईपोलसारखंच काम करणारा जुना कॉल) आहे, आणि ग्लिबसीत (लिनक्सची सी लायब्ररी) त्याचा संच १०२४ डिस्क्रिप्टरचाच. त्यापुढचा क्रमांक आला तर एफडी_सेट (संचात क्रमांक घालणारा मॅक्रो) दुसऱ्याच मेमरीत लिहितो. सॉफ्ट मर्यादा आजही १०२४ ठेवतात ती याचसाठी, आणि ते मला पटतं. म्हणून मूळ सॉफ्ट मर्यादा आधीच जपून ठेवली आणि फोर्कनंतर, एक्झेकच्या आधी, चाइल्डमध्ये (फोर्कनं काढलेल्या नव्या प्रोसेसमध्ये) परत बसवली. हार्डला हात लावला नाही. ती एकदा खाली आणली की साध्या युजरला वर नेता येत नाही.

वाढवलेली मर्यादाही कधीतरी भरणारच. त्यासाठी डेव्ह-नलवर (लिनक्सची कायम रिकामी फाइल) एक डिस्क्रिप्टर राखून ठेवलाय. ईएमफाइल ('टू मेनी ओपन फाइल्स'चाच एरर) आला की तो सोडायचा, आलेलं कनेक्शन घेऊन लगेच बंद करायचं आणि राखीव पुन्हा उघडायचा. चालू प्रोसेसची सॉफ्ट मर्यादा पीआरलिमिटनं (चालू प्रोसेसची मर्यादा बाहेरून बदलणारी आज्ञा) ६४ वर आणून मुद्दाम गर्दी केली: जास्तीची मशिनं नाकारली गेली, जोडलेल्यांची माहिती येत राहिली, सीपीयू शांत. मगच नवी आवृत्ती शिरोलीला पाठवली.