मॅक १ चा सोनेरी पट्टा

गाडीच्या उजव्या बाजूचा पट्टा लावून झाला, वीस पावलं मागे गेलो आणि पोटात खड्डा पडला. दरवाजावर पट्टा मागच्या बाजूला झुकलेला दिसत होता. फीत घेऊन पुन्हा मोजलं. दरवाजाच्या खालच्या कडेपासून पुढे जेवढं अंतर, मागेही तेवढंच. माप चोख, तरी झुकलेला.

मुलगी शेजारी उभी होती. म्हणाली, "बाबा, पट्टा बरोबर आहे. दरवाजाच खाली आलाय."

खरं होतं तिचं.

गाडी १९६९ ची फोर्ड मस्टँग मॅक १. काळा रंग, बॉनेटवर मॅट काळा, पोटात ३५१ घनइंचांचं इंजिन. या मॉडेलचा बाजूचा पट्टा साध्या विनाइलचा नसतो, परावर्तक असतो. आपण ज्याला सरसकट रेडियम म्हणतो, त्या जातीचा. आत काचेचे अतिशय बारीक मणी असतात, म्हणून रात्री दुसऱ्या गाडीचा दिवा पडला की तो उजळून निघतो. पण त्याच थरामुळे तो जाड आणि ताठ होतो. साधं विनाइल जरा गरम करून ताणलं की वळणावर निमूट बसतं. हे ताणलं की चिरतं. एकदा पक्कं चिकटल्यावर उचललं तर सुरकुत्या कायमच्या. त्यामुळे दरवाजाचा तो तुकडा मी हीट गनने हळूहळू सोलून काढला तेव्हाच कळलं होतं की तो गेला. नवा मागवला आणि यायला अकरा दिवस लागले.

ते अकरा दिवस मी दरवाजावर घालवले. मस्टँगचे दरवाजे लांब आणि जड. इतक्या वर्षांत बिजागरीच्या पिना आणि त्यांभोवतीचे बुश झिजतात, आणि दरवाजाचं मागचं टोक खाली उतरतं. माझा जवळजवळ दोन सूत उतरला होता, म्हणजे पाव इंच. रंगकामाच्या आधी हे बघायला हवं होतं. बुश बदलले, जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून दरवाजाला खालून आधार दिला, बिजागरीचे बोल्ट सैल करून तो वर घेतला आणि पुन्हा आवळले. आता फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा), दरवाजा आणि मागचा क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा पत्रा) यांवरची पत्र्याची घडी एका ओळीत आली. एका ओळीत म्हणजे डोळ्याला. फीत लावाल तर अजूनही थोडं इकडेतिकडे आहे. हे पत्रे त्या काळी असेच जुळवले जात, आणि पट्टेही कारखान्यात माणसं हातानेच लावत. म्हणून डाव्या बाजूचं माप जसंच्या तसं उजवीकडे उतरवण्याचा हट्ट मी सोडला. दोन्ही बाजू एकाच वेळी कुणालाच दिसत नाहीत. जी बाजू समोर आहे, ती वाहती दिसली पाहिजे.

दुसऱ्या वेळी पट्ट्याचे तिन्ही तुकडे मागचा कागद न काढता आधी मास्किंग टेपने गाडीवर नुसते टांगले. दरवाजा बंद, चारही चाकं जमिनीवर. मग लांब जाऊन उकिडवा बसलो आणि पट्ट्याच्या उंचीवर डोळा आणून मागच्या टोकाकडून पुढे बघितलं. गवंडी दोरी धरून भिंत बघतो तसं. मुलीने फोनवर फोटो काढून तो आरशातल्यासारखा उलटा करून दाखवला. ही युक्ती फार कामाची आहे. बघून बघून सवयीच्या झालेल्या डोळ्याला जे दिसत नाही, ते उलट्या चित्रात चटकन खटकतं. क्वार्टरचा तुकडा अर्धा सूत वर घ्यावा लागला. तेवढ्यासाठी आमचा पाऊण तास गेला, आणि तो घालवायलाच हवा होता.

चिकटवणं त्यामानाने सोपं. पत्रा मेण आणि तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने पुसला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. रंगाला पक्कं व्हायला आधीच दोन महिने दिले होते; ताज्या रंगातून द्रावक बाहेर पडत राहतो आणि पट्ट्याखाली फुगे धरतात. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चारच थेंब टाकले. पाणी पत्र्यावरही फवारलं आणि गोंदावरही, म्हणजे तुकडा थोडा सरकवता येतो. प्रत्येक तुकड्याच्या मधोमध उभा टेप, एका अर्ध्याचा कागद काढायचा, तो बसवायचा, मग दुसरा अर्धा. स्क्वीजी, म्हणजे पाणी दाबून काढायची पट्टी, मधून कडेकडे, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढवून. पट्ट्याच्या वरचा ट्रान्सफर टेप, म्हणजे लावेपर्यंत पट्टा धरून ठेवणारा थर, काढायची घाई केली नाही. पाणी निघून गोंदाने पकड घेतल्यावर तो स्वतःवर दुमडत, पत्र्याला चिकटून ओढत काढला. सरळ आपल्याकडे ओढला तर पट्टाही सोबत उठतो.

दरवाजाच्या कडेला एक सूत जादा ठेवून तो आत वळवला. तिथे मात्र साबणपाणी नको, पत्रा कोरडाच हवा. ब्लेड रंगावर कधीही टेकवायचं नाही. जादा भाग कापायचा तो फटीत, हवेत, नव्या कोऱ्या ब्लेडने.

संध्याकाळी गॅरेजमधले दिवे घालवून टॉर्च डोळ्याजवळ धरला. परावर्तक पट्ट्याची ही सोय आहे. उजेडात न दिसलेला फुगा तिथे काळ्या ठिपक्यासारखा दिसतो. तीन सापडले. सुईचं टोक लावून अंगठ्याने दाबले. फेंडरवरची 'मॅक १' ही अक्षरं एकदम उजळली तेव्हा मुलगी काही न बोलता माझ्या हातातून टॉर्च घेऊन गाडीच्या पुढून मागे चालत गेली, आणि उजेड कुठेही न तुटता तिच्याबरोबर सरकत गेला.

डिकीवरचा पट्टा अजून खोक्यात आहे. तो पुढच्या शनिवारी ती लावणार आहे, मी पाणी फवारणार.